कामावर हात गेला, तर कोऱ्या कागदावर सही करू नका

हे आवाहन फक्त कामगारांसाठी नाही. चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव, वाळूज, अंबड, सातपूर, बुटीबोरी, तळोजा, डोंबिवली अशा औद्योगिक वसाहतींच्या आसपास जे राहतात, खोल्या भाड्यानं देतात, खानावळ किंवा रिक्षा चालवतात, दवाखान्यात केसपेपर लिहितात, त्या सगळ्यांसाठी आहे. आणि बीड, लातूर, परभणी, नांदेड, यवतमाळहून ज्यांची मुलं तिकडे कामाला गेली आहेत, त्या आईवडिलांसाठी तर सर्वांत आधी आहे. कारखान्यात, बांधकामावर किंवा मळणी यंत्रावर माणूस जखमी झाला की त्याला कायद्यानं ठरलेल्या हिशेबाप्रमाणे पैसे मिळायला हवेत. त्यासाठी मालकाची मर्जी लागत नाही. पण मी पाहत आलो आहे की यातली असंख्य प्रकरणं कोर्टाची पायरी चढतच नाहीत. अपघातानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दवाखान्याच्या कॉटवरच, एक चुकीची नोंद आणि एक घाईची सही हा हक्क संपवून टाकते. त्या दोन-तीन दिवसांत जखमी माणसाजवळ वकील नसतो, युनियन नसते. असतो तो रूम-पार्टनर, घरमालक, शेजारी. म्हणून तुम्हा सगळ्यांना हात जोडून सांगतो आहे की हे वाचा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान शॉपमध्ये पॉवर प्रेसवरचं काम ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना आधी ते सांगायला हवं. बाजूला पत्र्याच्या पट्ट्यांची चळत, समोर डाय (साचा), पायाखाली पेडल. पट्टी डायमध्ये सरकवायची, हात मागे घ्यायचा, पेडल दाबायचं, तयार जॉब काढायचा, पुढची पट्टी घ्यायची. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा. खरं तर प्रेसला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची बटणं लावता येतात. मग मशीन खाली येताना हात आत असूच शकत नाही. पण दोन बटणं दाबण्यात वेळ जातो, नग कमी निघतात, म्हणून कित्येक ठिकाणी ती काढून पेडल जोडलेलं असतं. हात मध्ये आला तर प्रेस अडवणारा सेन्सर असतो. तो बिघडला की मशीन बंद ठेवायला हवी, पण माल दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचा असतो, म्हणून मशीन तशीच चालू राहते. मग ओव्हरटाइमच्या शेवटच्या तासात, डोळ्यांवर झापड असताना, क्लच नीट सुटत नाही आणि पेडल एकदाच दाबलेलं असताना प्रेस दुसऱ्यांदा खाली येते. मशीननं डबल मारला, असं मुलं सांगतात. त्या क्षणी बोटं डायवर असतात.

'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांना मदत करते. हरियाणातल्या पट्ट्यापासून तिनं सुरुवात केली आणि पुढे महाराष्ट्रातल्या अपघातांकडेही वळली. 'क्रश्ड' या नावानं ती दरवर्षी अहवाल काढते. त्यातलं चित्र वर्षानुवर्षं बदललेलं नाही. बोटं जाण्याचं मोठं कारण पॉवर प्रेस आहे, आणि मोठ्या संख्येनं कामगारांच्या हातात ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड पडतं ते अपघात झाल्यावर.

अपघातानंतर काय होतं ते आता बारकाईनं पाहा, कारण मदत इथेच करायची आहे. हाताला कॉटन वेस्ट गुंडाळून, ठेकेदाराच्या माणसाच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून त्या मुलाला ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेतात. नोंदणीच्या खिडकीवर सोबतचाच माणूस बोलतो. केसपेपरवर कारण लिहिलं जातं: गाडीवरून पडला, दरवाजात हात सापडला, घरी काम करताना लागलं. ज्याचा हात गेला आहे त्याला ती ओळ कोणी वाचून दाखवत नाही. अशाच एका मुलाच्या केसपेपरची झेरॉक्स माझ्यासमोर आली होती. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली. जखमेच्या वर्णनात 'क्रश इन्जुरी'. कारणाच्या रकान्यात 'घराचा दरवाजा'. भरतीची वेळ पहाटे तीनच्या सुमाराची, आणि त्याच रात्री त्याचं कार्ड नाइट शिफ्टला पंच झालेलं. तो कंपनीच्या आत होता हे कंपनीचीच नोंद सांगत होती. हजेरीचा फोटो त्यानं रोजच्या सवयीनं मोबाइलमध्ये काढून ठेवला नसता, तर दरवाजा खरा ठरला असता.

म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरांना, सिस्टरना, नोंदणी करणाऱ्यांना पहिली विनंती. जखमीला स्वतःला विचारा, 'कुठं लागलं?' आणि तो सांगेल तेच लिहा. कंपनीचं नाव, मशीनचं नाव, वेळ. अशा जखमेची एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंद करा आणि पोलिसांना कळवा. बिल कंपनी भरते आहे म्हणून कारण कंपनीनं सांगायचं नसतं. तुमच्या हातून लिहिली गेलेली ती एक ओळ पुढे कामगार न्यायालयात कोणत्याही साक्षीदारापेक्षा वजनदार ठरते. सोबत गेलेल्या मित्रालाही तेच सांगणं आहे. केसपेपरचा फोटो लगेच काढ, ओळ चुकीची असेल तर तिथेच दुरुस्त करून घे. ऐकलं नाही तर दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत लेखी अर्ज दे आणि त्याची पोच घे.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेकेदार भेटायला येतो. बोलणं गोड असतं. दवाखान्याचं बिल आम्ही भरतो, वर पन्नास हजार देतो, बरा झालास की हलक्या कामावर घेतो, फक्त या कागदावर सही कर. कधी कागद कोरा असतो, कधी स्टॅम्प पेपर असतो, कधी 'माझी कोणतीही तक्रार नाही' असं आधीच टाइप केलेलं असतं. आई गावाहून एसटीनं निघालेली असते, अजून पोचलेलीही नसते. मुलगा सही करतो. त्याला दोष देऊ नका. त्याच्या खिशात तेव्हा घरी फोन करण्यापुरतेही पैसे नसतात. पण या सहीबद्दल प्रत्येकानं एक गोष्ट पाठ करून ठेवावी. भरपाईचा हक्क सोडून देणारा असा कोणताही करार कायद्याच्या दृष्टीनं रद्द असतो. भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे तडजोडीची नोंद झालेली नसेल, तर त्या कागदाच्या जोरावर मालक सुटत नाही. म्हणजे सही करायची नाहीच, पण झाली असेल तरी दार बंद होत नाही. जे पन्नास हजार मिळाले ते मिळाले. उरलेले मागता येतात.

उरलेले म्हणजे किती, हे कळलं तरच माणूस भांडायला उभा राहतो. म्हणून हिशेब मांडतो.

ज्या कामगाराला ईएसआय लागू नाही, त्याच्यासाठी १९२३ चा कायदा शंभर वर्षं चालत आला. आधी तो कामगार नुकसानभरपाई कायदा होता, २००९ च्या दुरुस्तीनंतर कर्मचारी भरपाई कायदा झाला. त्याची पद्धत सोपी आहे. अपघातामुळे मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा अर्धा भाग, आणि कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराचे ६० टक्के घ्यायचे, आणि त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणायचं. वय कमी तितका आकडा मोठा, कारण पुढची कमाईची वर्षं जास्त. वय २५ असेल तर आकडा २१६.९१, चाळिशीत १८४.१७, पन्नाशीत १५३.०९. पगार कितीही असला तरी जानेवारी २०२० पासून हिशेबात तो जास्तीत जास्त १५,००० रुपये धरला जात आला आहे. ही मर्यादा आज अगदीच तोकडी आहे आणि ती वाढवून घेण्यासाठी वेगळा लढा हवा. तरीही पंचवीस वर्षांचा, महिना पंधरा हजार किंवा जास्त मिळवणारा मुलगा कामावर मरण पावला, तर त्याच्या घरच्यांना १६,२६,८२५ रुपये मिळायला हवेत. गावाकडच्या किती घरांनी याऐवजी दोन-तीन लाख घेऊन अंत्यविधी उरकला असेल, याचा विचार करवत नाही.

बोटांचा हिशेबही कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेला आहे. पूर्ण अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेचं ३० टक्के नुकसान. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची दोन बोटं गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. आता तर्जनी गेलेल्या वरच्या मुलाचं वय २५ धरा. पंधरा हजारांचे ६० टक्के म्हणजे नऊ हजार, गुणिले २१६.९१, म्हणजे १९,५२,१९०. त्याचे १४ टक्के, २,७३,३०६ रुपये. हे फक्त एका बोटाचे. ठेकेदाराचे पन्नास हजार याच्या शेजारी ठेवून पाहा. शिवाय उपचाराचा प्रत्यक्ष झालेला खर्च मालकानं द्यायचा असतो, आणि काम बंद असलेल्या काळात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के रक्कम द्यायची असते.

परिशिष्टातली टक्केवारी हा शेवटचा शब्द नव्हे. हाताचं काम ज्याच्या पोटाचं साधन आहे, त्याचं नुकसान बोटं मोजून पुरतं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात हे स्पष्ट केलं. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के, असं न्यायालयानं मानलं. त्याच निकालानं आणखी एक गोष्ट ठरवली. भरपाई देणं लागतं ते अपघात झाला त्या दिवसापासून, निकाल लागला त्या दिवसापासून नव्हे. मालकानं महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूद १९२३ च्या कायद्यात होती. म्हणूनच 'कोर्टात गेलास तर वर्षानुवर्षं झुलशील' या धमकीला घाबरून जाऊ नका. उशीर मालकालाही महाग पडतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनं सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू केली आणि १९२३ चा कायदा त्यात विलीन झाला. 'जुना कायदा गेला, आता काही मिळत नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. भरपाईचं अख्खं प्रकरण संहितेत आलं आहे. मृत्यूला निम्मा पगार, पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के, वयाप्रमाणे गुणायचा आकडा, हे सूत्र कायम आहे. उलट घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघात, वेळ-जागेचा कामाशी संबंध दाखवता आला तर, संहितेनं स्पष्टपणे भरपाईत धरला आहे. आणि संहितेच्या आधी घडलेल्या अपघातांचे हक्क तिच्यामुळे बुडत नाहीत.

आता ईएसआय. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय लागू असतो. पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के भरतो. ज्याला ईएसआय लागू आहे त्यानं मालकाकडे भरपाईचा वेगळा दावा करायचा नसतो. त्याला ईएसआय महामंडळ देतं. आणि ते पुष्कळ देतं. उपचार पूर्ण मोफत. काम बंद असेपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के. यासाठी अमुक इतके महिने वर्गणी भरलेली हवी अशी अट नाही. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हे मिळतं. कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं आणि तेवढ्या टक्क्यांनी दरमहा पेन्शन सुरू होतं, ते हयातभर. महिना अठरा हजार पगाराच्या मुलाची तर्जनी गेली तर हे पेन्शन साधारण सव्वादोन हजारांच्या घरात जातं. तो पुन्हा नोकरीला लागला, दुसरीकडे गेला, तरी ते थांबत नाही. मृत्यू झाला तर पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबानं पत्नी, मुलं आणि अवलंबितांना पेन्शन मिळतं.

'तुझं ईएसआय अजून काढलंच नव्हतं' हे वाक्य ऐकून कितीतरी जण परत फिरतात. फिरू नका. कारखाना ईएसआयच्या कक्षेत असेल तर कामगार रुजू झाल्या दिवसापासून विमा-संरक्षित असतो. मालकानं नाव नोंदवलं नाही, वर्गणी भरली नाही, तरी कामगाराचा हक्क जात नाही. ती रक्कम मालकाकडून वसूल करणं महामंडळाचं काम आहे. अपघातानंतर घाईनं नंबर काढला असेल आणि रुजू तारीख खोटी टाकली असेल, तर आधीच्या महिन्यांच्या पगाराच्या बँक नोंदी, फोनवरून आलेले पैसे, गेट पास, व्हॉट्सॲपवरचे शिफ्टचे मेसेज घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. मालकानं अपघाताचा अहवाल भरला आहे का ते विचारा. भरला नसेल तर स्वतः लेखी कळवा.

सबबी नेहमीच्या असतात. 'चूक तुझीच होती.' भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही आणि कामगाराचा निष्काळजीपणा हे ती नाकारण्याचं कारण होत नाही. दारू पिऊन कामावर असणं, स्पष्ट सूचना जाणूनबुजून मोडणं, संरक्षक गार्ड मुद्दाम काढणं, एवढेच अपवाद आहेत. तेही मालकानं सिद्ध करायचे, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेसुद्धा चालत नाहीत. गार्ड सुपरवायझरनं काढायला लावला असेल तर तो कामगाराचा गुन्हा ठरत नाही. 'तू कंपनीचा नाहीस, ठेकेदाराचा आहेस.' कंपनीच्या आवारात, कंपनीच्याच धंद्याचं काम करताना अपघात झाला तर कंपनीकडूनही भरपाई मागता येते; कंपनी मग ठेकेदाराकडून वसूल करो. 'रोजंदारीवर होतास, दोनच दिवस झाले होते.' त्यानंही फरक पडत नाही. परवाना नसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये काम चालत होतं म्हणून तिथल्या कामगाराचा हक्क बेकायदा होत नाही. पुष्कळ ठेकेदारांकडे डब्ल्यूसी पॉलिसी असते, म्हणजे पैसे विमा कंपनी भरणार असते. कामगाराला ते कोणी सांगत नाही. पॉलिसीची प्रत मागा.

एक गैरसमज फार मोठा आहे आणि तो सुशिक्षितांमध्येही आहे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले. राज्य सरकारनं मृतांच्या वारसांना पाच लाख जाहीर केले. मुळशीतल्या उरवड्यात ७ जून २०२१ ला, तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला कारखान्यांना आग लागून जे जीव गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. तेव्हाही अशा मदतीच्या घोषणा वर्तमानपत्रात आल्या. वाचणाऱ्याला वाटतं, चला, भरपाई मिळाली. ती सानुग्रह मदत असते. कायद्याची भरपाई त्याहून वेगळी, ती मालकानं किंवा ईएसआयनं द्यायची, आणि सानुग्रह मदत मिळाली म्हणून ती कमी होत नाही. मृत्यूच्या प्रकरणात आणखी एक नियम घरच्यांनी लक्षात ठेवावा. भरपाई मालकानं थेट बायकोच्या हातात द्यायची नसते. ती भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा करायची असते आणि तिथून वारसांना वाटली जाते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. बाराव्याच्या दिवशी घरी येऊन लाखभर देऊन गेलेल्या ठेकेदाराला असं सांगता येणार नाही की विषय मिटला.

बांधकाम मजुरांसाठी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. नोंदीत कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून पाच लाख, ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर दोन लाख मिळतात. हेही मालकाच्या भरपाईशिवायचं. नाक्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी झाली आहे का, हे तिथल्या तरुण मंडळांनी पाहायला हवं. वर्षातून नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो मिळवून द्यायला मदत करा.

आणि शेती. मळणी यंत्रात हात गेलेली बाई शेतमजूर असेल, तिच्या घरी सातबारा नसेल, तर शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत तिचं नाव बसत नाही. म्हणून गावात कोणी पुढे काही करत नाही. पण ट्रॅक्टरवर किंवा विजेवर, इंजिनावर चालणाऱ्या यंत्रांनी होणाऱ्या शेतीकामावरचे मजूर भरपाई कायद्याच्या यादीत आहेत. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनी अशा घरी स्वतः जाऊन हे सांगावं. मळणीच्या हंगामात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी पुष्कळ होईल. दगडखाणीत, क्रशरवर सिलिकोसिस झालेल्यांनाही हाच कायदा लागतो; कामामुळे जडलेला रोग अपघातासारखाच धरला जातो.

दावा कुठं करायचा? कामाच्या ठिकाणीच हेलपाटे घालावे लागतील या भीतीनं गावाकडची माणसं मागे हटतात. अपघात झाला त्या भागात, मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असलेल्या भागात, किंवा जखमी कामगार अथवा त्याचे वारस जिथं राहतात तिथं, यांपैकी कुठंही दावा करता येतो. चाकणला हात गेलेल्या मुलाला दर तारखेला परभणीहून पुण्याला जायची गरज नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयातच हे दावे चालत आले आहेत. कागद जमवा: केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, वयाचा दाखला, पगाराची कोणतीही नोंद, ओळखपत्र किंवा गेट पास, सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर, जखमेचे फोटो. यातलं एखादं नसलं म्हणून थांबू नका. डॉक्टरकडून नुसतं अपंगत्वाचं प्रमाणपत्र घेऊ नका. काम करण्याची, कमावण्याची क्षमता किती टक्के गेली हे त्यात लिहून मागा. वकिलाला आधी पैसे द्यायला लागतील म्हणून घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं औद्योगिक कामगाराला, तसंच प्रत्येक स्त्रीला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन १५१००. हा नंबर खोलीच्या भिंतीवर लिहा, खानावळीच्या फळ्यावर लिहा, रिक्षाच्या मागे लावा.

काही कामं तर आजच करता येतात. घरमालकांनी भाडेकरू मुलांना सांगावं की कंपनीचं पूर्ण नाव, ठेकेदाराचं नाव, रुजू झाल्याची तारीख घरच्यांना मेसेज करून ठेवा. कित्येक आयांना मुलगा 'पुण्याला कंपनीत' आहे एवढंच माहीत असतं. अपघात झाला की कोणती कंपनी हे शोधण्यातच महिने जातात. मुलांनी ईएसआयचा नंबर आत्ताच मागून घ्यावा, हातात बोटं असताना. जुन्या कायद्यात २०१७ पासून अशी तरतूद आली की भरपाईचा हक्क काय आहे हे मालकानं कामावर घेतानाच, कामगाराला समजणाऱ्या भाषेत लेखी सांगायचं. न सांगणाऱ्याला त्या कायद्यात पन्नास हजार ते एक लाख दंड होता. असा कागद मागणारा एक जरी कामगार उभा राहिला तरी शॉपमध्ये बाकीचे ऐकतात. मोठ्या वाहन कंपन्यांत काम करणाऱ्या, कायम नोकरी असलेल्या युनियनच्या बांधवांनाही विनंती आहे. तुमच्या लाइनवर जो भाग येतो तो ज्या लहान शॉपमधून येतो, तिथं कोणाची बोटं जातात ते विचारा, व्यवस्थापनाच्या बैठकीत विचारा. पुरवठादार कंपनीला ऑर्डर देणाऱ्यानं सेन्सर तपासायला सांगितलं तर तो एका आठवड्यात बसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

सर्वांत तातडीचं शेवटी सांगतो. अपघातानंतर दोन वर्षांच्या आत दावा दाखल व्हायला हवा. ज्यांच्या अपघाताला दीड-पावणेदोन वर्षं झाली आहेत, ज्यांना ठेकेदार अजून 'देतो, देतो' म्हणतो आहे, त्यांनी ही तारीख कॅलेंडरवर शोधून याच आठवड्यात अर्ज करावा. तुमच्या वस्तीत, तुमच्या गावात, हाताला पट्टी बांधून घरी बसलेला कोणी असेल तर आज संध्याकाळी त्याच्या घरी जा, तारीख विचारा, कागद पाहा. दोन वर्षं उलटून गेली असतील तरी त्याला घेऊन विधी सेवा कार्यालयात जा. उशिराला पुरेसं कारण असेल तर अर्ज घेता येतो. एकामागून एक ऑपरेशनं, गावाकडे परतावं लागणं, कामावरून काढण्याची धमकी, तोंडी आश्वासनं, ही सगळी कारणं अर्जात तारखांसह लिहा, आणि ठेकेदाराचे मेसेज फोनमधून पुसू नका.